प्रकीर्ण प्रकाश आणि मेघबिंदूंची मोजदाद

जालना जिल्ह्यातील अंकुशनगरच्या परिसरावरून पावसाळ्यात ढग जातात. पाऊस पडेलच अशी मात्र खात्री नसते. अवर्षणप्रवण मराठवाड्यात कृत्रिम पावसाचा प्रश्न त्यामुळे पुनःपुन्हा उपस्थित होतो. २०१५ साली औरंगाबादहून विमानाद्वारे तसा प्रयोगही झाला. परंतु ढगात बीजारोपण करावे की नाही हे ठरविण्यापूर्वी त्यातील जलबिंदू किती व केवढे, हे कळावयास हवे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ व २०१९ साली सोलापूर परिसरात जी उड्डाणे केली, त्यांत ही मोजणी प्रकीर्ण प्रकाशाच्या साहाय्याने झाली.

विमानाबाहेर बसविलेल्या उपकरणात सुमारे ०.६६ मायक्रॉन तरंगलांबीची लेसर-शलाका असते. तिच्यातून जाणारा प्रत्येक बिंदू प्रकाश विखुरतो. मूळ दिशेशी ४ ते १२ अंशांचा कोन करून पुढे गेलेला प्रकाश संवेदकावर पडतो व विद्युत्स्पंद उमटतो. स्पंदांच्या संख्येवरून बिंदूंची संख्या, तर स्पंदाच्या उंचीवरून २ ते ५० मायक्रॉनपर्यंतचा व्यास काढतात. शलाकेचे मोजणीक्षेत्र ०.३ चौरस मिलिमीटर व विमानाचा वेग सेकंदास १०० मीटर मानल्यास दर सेकंदास अवघी ३० घन सेंटिमीटर हवा तपासली जाते. तेवढ्यात ६,००० स्पंद आले, तर घन सेंटिमीटरमागे २०० बिंदू झाले. दोन बिंदू एकदमच शलाकेत आले, तर मात्र ते एकच व मोठा बिंदू म्हणून गणले जातात.

खरी अडचण व्यासाची आहे. उपकरणाला व्यास दिसत नाही, केवळ प्रकाश दिसतो. गुस्टाव्ह मी यांच्या १९०८ च्या सिद्धांतानुसार प्रकीर्ण प्रकाश व्यासाबरोबर सरळ वाढत नाही. लहान बिंदूंच्या बाबतीत तो हेलकावे खातो, आणि एकाच तीव्रतेस दोन-तीन व्यास जुळतात. शिवाय उपकरणाचे प्रमाणीकरण काचेच्या मण्यांनी करतात. काचेचा वक्रीभवनांक सुमारे १.५२, पाण्याचा १.३३, तेव्हा हा फरक गणिताने दुरुस्त करावाच लागतो.

व्यासात १० टक्के चूक झाली की पाण्याच्या घनफळात ती ३३ टक्के होते. प्रभावी त्रिज्या सुमारे १४ मायक्रॉनपलीकडे गेली, की बिंदू एकमेकांवर आदळून पावसाचे थेंब बनू लागतात. १३ मायक्रॉनची त्रिज्या चुकून १४.३ वाचली गेली, तर बीजारोपणास योग्य ढग ‘आपोआप बरसणारा’ समजून सोडून दिला जाईल.