कॅन्सरची पेशी चालते कशी, आणि वाट अडवली तर काय करते?

कॅन्सर म्हटलं की आपल्याला बेसुमार वाढणाऱ्या पेशी आठवतात. पण कॅन्सरने होणाऱ्या बहुतेक मृत्यूंचं कारण मूळ गाठ नसते. पेशी गाठ सोडून फुफ्फुस, यकृत, हाडं अशा ठिकाणी जाऊन वाढतात, हे खरं कारण. म्हणजे प्रश्न वाढण्याइतकाच चालण्याचाही आहे. पण पेशीला ना हात ना पाय, मग ती चालते कशाच्या जोरावर?

तिच्या आतल्या सांगाड्याच्या जोरावर. मात्र इथे हाडांचा सांगाडा डोळ्यांसमोर आणू नका. हा सांगाडा प्रथिनांच्या धाग्यांचा असतो आणि सतत मोडून पुन्हा बांधला जातो. त्यातले अ‍ॅक्टिनचे धागे जेमतेम ७ नॅनोमीटर जाडीचे, पण पेशीला पुढे ढकलण्याचं मुख्य काम त्यांचंच.

पेशीच्या पुढच्या कडेला आर्प२/३ नावाचा प्रथिनसमूह जुन्या धाग्याला साधारण ७० अंशांच्या कोनात नवी फांदी फोडतो. फांद्या वाढल्या की पेशीचा पडदा पुढे रेटला जातो. ती कड आजूबाजूच्या तंतूंना चिकटते, मायोसिन धागे आवळतं आणि मागची बाजू सुटून पुढे ओढली जाते. जखम भरताना निरोगी पेशीही हेच करतात. कॅन्सरची पेशी नवं यंत्र बनवत नाही, असलेलंच भलत्या वेळी वापरते. त्यामुळे अ‍ॅक्टिनच बंद करणारं औषध देता येत नाही. हृदयाचे स्नायूही अ‍ॅक्टिनवरच चालतात.

काही कॅन्सर पेशी आणखी एक गोष्ट करतात. अ‍ॅक्टिनची टोकं ऊतीत रोवतात आणि तिथून एमएमपी ही विकरं सोडून कोलॅजेनची जाळी कापतात. या टोकांना इनव्हॅडोपोडिया म्हणतात.

मग एमएमपी बंद केली की झालं? १९९०च्या दशकात याच विचाराने मॅरिमास्टॅटसारखी औषधं रुग्णांवर तपासली गेली. अपेक्षित फायदा झाला नाही, सांधेदुखी मात्र झाली. अपयशाची कारणं अनेक होती. पण २००३मध्ये कातारिना वोल्फ, पीटर फ्रीडल आणि सहकाऱ्यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. त्यांनी कोलॅजेनच्या जेलमधल्या कॅन्सर पेशींची ही कात्री बंद केली. पेशी थांबल्या नाहीत! त्या गोलसर झाल्या आणि अमीबासारख्या आकार बदलत फटींतून निसटल्या. जाळी न कापताच.

आता स्वतःच्या प्रयोगाचा विचार करा. सपाट प्लेटवर पेशींच्या थरात ओरखडा काढून तो किती वेळात भरतो, हे आपण सगळेच मोजतो. पण तिथे कापायला जाळीही नसते आणि निसटायला फटही नसते. तिथे पेशी थांबली म्हणून ती शरीरातही थांबेल, असं म्हणता येत नाही.

म्हणून प्रपोजल लिहिताना ‘ही वाट कशी अडवायची?’ एवढ्यावर थांबू नका. ‘अडवली तर पेशी दुसरी कोणती वाट धरेल, आणि माझ्या प्रयोगात ती मला दिसेल का?’ हेही लिहा.