सरकारी आधाराचा भाडेकरू

वाशीमच्या लाखाळ्यात 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी वाचून रिसोडकडचा एखादा विद्यार्थी दाराशी उभा राहिला, आणि भाडे स्वाधार योजनेच्या रकमेतून देईन असे त्याने प्रांजळपणे सांगून टाकले, की घरमालकाची मुद्रा तत्काळ पालटते. "सरकारचा माणूस घरात घेतला, मंग तो कायले निघते?" हा सवाल तिच्यावर उघड वाचता येतो.

ही धास्ती निर्मूळ म्हणवत नाही. ती फक्त फार जुनी आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या १९४९ च्या घरभाडे नियंत्रण हुकुमान्वये घर रिकामे होताच मालकाने सरकारदरबारी वर्दी द्यावयाची, अधिकाऱ्याने ते सरकारी नोकराला अथवा विस्थापिताला नेमून द्यावयाचे, आणि पुढे भाडेकरूस काढावयाचे झाल्यास भाडेनियंत्रकाची परवानगी मिळवावयाची, असा रिवाज होता. ३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा अमलात आला आणि तो हुकूम दप्तरात जमा झाला. भीती तेवढी वडिलोपार्जित इस्टेटीसारखी पुढच्या पिढीच्या नावे चढली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत यांतले काहीही नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून ती सुरू आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यास वर्षाला भोजनाचे २५,०००, निवासाचे १२,००० आणि निर्वाहाचे ६,००० असे ४३,००० रुपये योजनेने ठरविले, आणि ते त्याच्याच बँकखात्यात जमा होतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी 'स्वयं' आणि इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी, म्हणजे मानोऱ्याकडच्या बंजारा मुलांसाठीही, 'आधार' या योजना याच धर्तीच्या आहेत. सरकार करारनाम्यात पक्षकार नसते. ते खोलीचा ताबा मागत नाही, तसेच भाड्याची हमीही घेत नाही. समाजकल्याणच्या कचेरीला विद्यार्थी भाड्याने राहतो याचा कागदोपत्री पुरावा तेवढा हवा असतो.

रक्कम विलंबाने येते, ही तक्रार मात्र गैरसमजात जमा करता येत नाही. कित्येकदा सत्र सरत आले तरी खाते रिकामेच असते. म्हणून भाडे अनुदानावर अवलंबून न ठेवता दरमहा देय असल्याचे करारात लिहावे, आणि पालकाची कबुली त्याखाली घ्यावी. महिना हजार रुपयांत वाशीमला कोणती खोली मिळते, हा प्रश्न मालकाला नव्हे, सरकारला विचारण्याजोगा आहे.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज तर सुशिक्षितांतही दृढमूल आहे. वास्तविक महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार अथवा परवाना करार, मुदत कितीही असो, लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, आणि ही जबाबदारी मालकाची आहे. कसूर झाल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. शिवाय तंटा उद्भवल्यास अटींविषयी भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरले जाते, ते वेगळेच. हे टाळण्याचा खर्च नगरपालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी, वर एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक. नोंदलेल्या निवासी परवान्याची मुदत संपली की कलम २४ अन्वये ताबा परत मागता येतो, आणि न सोडणाऱ्याकडून दुप्पट शुल्क वसूल होते. बारा वर्षांनी भाडेकरू मालक होतो, हेही खरे नव्हे. मालकाच्या संमतीने राहणाऱ्याची वहिवाट प्रतिकूल कब्जा ठरत नाही.

उरते ते आडनाव. अनुदान, विलंब, करार यांविषयी चकार शब्द न काढता केवळ नाव-गाव ऐकून "खोली कालच गेली" असे सांगणारे काही थोडे नाहीत, आणि त्यांचा हा गैरसमज नसतो, तो निश्चय असतो. अस्पृश्यतेच्या कारणावरून राहत्या जागेत आडकाठी करणे नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ खाली गुन्हा असून, त्यास किमान १ व कमाल ६ महिने कैद आणि शिवाय दंड आहे.