चाळीतला कांदा जिवंत असतो
लेखमाला : प्रयोगशाळेपासून पडवीपर्यंत (भाग ९)

गेल्या भागात आपण दुधाचे दही होताना भांड्यात काय घडते ते पाहिले. या आठवड्याचा विषय मळ्यातला आहे. मालेगावहून मुंबई-आग्रा महामार्गाने सौंदाण्याकडे निघा किंवा झोडग्याकडे, रस्त्याच्या दोन्ही अंगांना लांबट, अरुंद, फटीफटीच्या भिंतींच्या कांदाचाळी दिसतात. एप्रिल-मेमध्ये काढलेला उन्हाळ कांदा चाळीत भरायचा आणि भाव पाहून दिवाळीपर्यंत मुंगशाच्या, उमराण्याच्या बाजारात न्यायचा, हे कसमादे पट्ट्यातल्या कितीतरी घरांचे वर्षाचे गणित असते. पण शंभर क्विंटल भरले म्हणून शंभर क्विंटल बाहेर येत नाहीत. काही कांदा सुकून घटतो, काही सडतो, काहीला कोंब येतात. चार-पाच महिन्यांत तिसरा हिस्सा गेला तरी आपण ते नशिबावर टाकून मोकळे होतो. या घटीची कारणे विज्ञानाला माहीत आहेत आणि त्यांतली बरीचशी आपल्या हातातली आहेत.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करू. गहू-बाजरीसारखा कांदा कोरडा नसतो. तो पाण्याने भरलेला असतो आणि काढल्यावरही श्वास घेत राहतो. हवेतला प्राणवायू घेऊन तो स्वतःतली साखर जाळतो; त्यातून कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि उष्णता बाहेर पडते. चाळीत भरलेला ढीग म्हणजे असे हजारो जीव एकावर एक निजलेले. त्यांची वाफ आणि ऊब बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर ढिगाच्या पोटात दमट गरमी साचते आणि बुरशीचे फावते. बाहेरच्या पापुद्र्यावर दिसणारी काजळी ही अ‍ॅस्परजिलस नावाची काळी बुरशी असते. बुडाकडून कुजणाऱ्या कांद्यात बहुधा फ्युजारियम असते.

हा जीव स्वतःचे रक्षण कसे करतो, तेही पाहण्यासारखे आहे. कांद्याच्या पेशीत गंधकाची संयुगे एका कप्प्यात आणि त्यांना फोडणारे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. विळी लागली की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. हे काम एकट्या विकराचे, अशी फार वर्षे समजूत होती. २००२ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले की शेवटच्या पायरीसाठी आणखी एक वेगळे विकर लागते. ते बंद पाडले तर चव राखून पाणी न आणणारा कांदा करता येईल, ही वाट त्यातून उघडली. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या अभियंत्यांनी कांदा कापतानाचे अतिवेगवान चित्रीकरण केले. बोथट पाते पापुद्र्याला आधी दाबत नेते. आत दाब साचतो आणि पापुद्रा फुटताच रसाचे बारीक थेंब जोराने उडतात. धारदार पात्याने, सावकाश कापले तर थेंब कमी उडतात. सुरीला धार लावून ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना हे अनुभवाने ठाऊक होते. त्यामागचे यंत्रशास्त्र आता कळले.

आता चाळीकडे वळू. काढणीनंतर कांदा काही काळ झोपेत असतो. शास्त्रज्ञ या अवस्थेला सुप्तावस्था म्हणतात. ही झोप दोन तऱ्हेच्या तापमानात टिकते: शून्याजवळच्या कडक थंडीत किंवा २५ ते ३० अंशांच्या उबेत. मधल्या १० ते २० अंशांत मात्र कांद्याला कोंब लवकर फुटतो. म्हणूनच आपली चाळ विजेशिवायही काम करते: उन्हाळाभर ऊब कांद्याला निजवून ठेवते. पुढे पावसाळी दमट हवा सड वाढवते आणि झोपेची मुदत संपत आली की गारव्यात कोंब डोके काढतात. शीतगृहात कांदा टिकतो. पण तिथून थेट उबदार हवेत आणला तर त्याला घाम सुटतो आणि कोंबही भराभर येतात. तिथून काढलेला माल लवकर खपवावाच लागतो.

कोंब रोखण्याचा आणखी एक मार्ग आपल्याच जिल्ह्यात, लासलगावला आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र तिथे २००२ मध्ये उभे राहिले. २००७ साली भारताचा हापूस अमेरिकेला जाऊ लागला, तेव्हा आंब्यांवर याच केंद्रात प्रक्रिया झाली होती. इथे कोबाल्ट-६० या धातूतून निघणारे गॅमा किरण शेतमालावर सोडतात. कांद्याला ६० ते ९० ग्रे एवढी मात्रा पुरते. ग्रे हे शोषलेल्या किरणांचे माप. इंजेक्शनच्या सिरिंज, हातमोजे, जखमेच्या पट्ट्या निर्जंतुक करायला साधारण २५,००० ग्रे लागतात, म्हणजे कांद्याच्या जवळपास तीनशे पट. ट्रॉम्बेच्या ‘आयसोमेड’ केंद्रात हे काम १९७४ पासून चालते.

कर्करोगावर उपचार करणारे ‘भाभाट्रॉन’ हे भारतीय यंत्रही कोबाल्ट-६० वरच चालते. कर्करोग आणि कांदा यांचा संबंध इथेच लागतो. गॅमा किरण पेशीतल्या डीएनएला तडे पाडतात आणि ज्या पेशी भराभर विभागत असतात त्यांना हा मार सर्वांत जास्त बसतो. गाठीतल्या पेशींना वाढीची घाई असते. कांद्याच्या पोटातल्या कोंबाच्या टोकालाही तीच घाई असते. बाहेरच्या जाड पापुद्र्यांच्या पेशींची वाढ केव्हाच थांबलेली असते, म्हणून त्यांची चव आणि करकरीतपणा टिकतो. गावोगाव एक शंका विचारली जाते: असा कांदा किरणोत्सारी होतो का? होत नाही. कोबाल्टच्या किरणांत अन्नाला किरणोत्सारी करण्याइतकी ऊर्जाच नसते. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८० मध्येच १०,००० ग्रेपर्यंतचे विकिरण अन्नासाठी सुरक्षित ठरवले.

या तंत्राच्या मर्यादाही माहीत हव्यात. विकिरण फक्त कोंब थांबवते. सड आणि वजनातली घट थांबवत नाही. ते काढणीनंतर दोन-तीन आठवड्यांत, कांदा गाढ झोपेत असतानाच करावे लागते. आत कोंब वाढू लागल्यावर केले तर मधला भाग काळपट पडतो. ओला, जखमी, कच्चा कांदा किरणांखालून काढला तरी तो सडणारच.

सड कळते ती वासावरून. पेशी कुजू लागल्या की गंधकाची संयुगे हवेत सुटतात आणि चाळीपाशी जाणारा अनुभवी शेतकरी ती नाकाने टिपतो. पण नाकापर्यंत वास येईतो ढिगातले बरेच कांदे गेलेले असतात. लासलगावच्या शेतकरी घरातल्या कल्याणी शिंदे यांनी ‘गोदाम इनोव्हेशन्स’मधून यावर उपकरण तयार केले. ते साठवणीतले वायू, तापमान आणि आर्द्रता मोजते व सड सुरू होताच इशारा देते. खराब कांदे वेळीच वेचून टाकले तर शेजारचा माल वाचतो. कांद्याच्या पट्ट्यात वाढलेल्या अभियंत्याने कांद्याचे दुखणे हाती घ्यावे, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

असे असले तरी सर्वांत स्वस्त संशोधन अजून पुष्कळांच्या चाळीपर्यंत पोहोचलेले नाही. राष्ट्रीय कांदा व लसूण संशोधन केंद्र १९९४ मध्ये नाशिकला सुरू झाले आणि १९९८ मध्ये राजगुरुनगरला गेले. आज ते कांदा व लसूण संशोधन संचालनालय म्हणून ओळखले जाते. तिथल्या वर्षानुवर्षांच्या प्रयोगांतून निघालेला सल्ला घरातल्या माणसाने सांगावा इतका सोपा आहे. साठवणीसाठी एन-२-४-१, भीमा शक्ती, भीमा किरण यांसारखे टिकाऊ वाण निवडा. लागवडीला ६० दिवस झाल्यावर नत्र देऊ नका. काढणीआधी दोन आठवडे पाणी तोडा आणि निम्म्या माना पडल्यावरच काढणी करा. एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे कांदे झाकत शेतात तीन-चार दिवस सुकवा. मग इंचभर मान ठेवून पात कापा आणि दहा-बारा दिवस सावलीत राहू द्या. तेवढ्यात मान मिटते, वरचा पापुद्रा कोरडा होतो आणि बुरशीची वाट बंद होते. जोड कांदे, डेंगळे, जखमी माल आणि गोल्टी चाळीत घालू नका. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर घ्या. ढिगाची रुंदी चार फूट आणि उंची पाच फुटांच्या आत ठेवा. एक पाखी चाळ दक्षिणोत्तर बांधा, दोन पाखी पूर्व-पश्चिम. यातला प्रत्येक आकडा ढिगाच्या मधल्या कांद्यालाही वारा लागावा म्हणून आहे.

यंदा एक प्रयोग तुम्हीही करा. चाळ भरताना एका जाळीदार पिशवीत पन्नास किलो कांदा मोजून घ्या आणि ती पिशवी ढिगाच्या मधोमध, हाताला येईल अशी ठेवा. दर महिन्याला ती काढून वजन करा. किती सडले, किती सुकले, किती कोंबले ते वहीत लिहा. दिवाळीला मागच्या चुकीची जागा तीच वही दाखवील. कोबाल्ट लासलगावला आहे, संचालनालय राजगुरुनगरला आहे, पण तुमच्या चाळीची नोंद तुमच्याशिवाय कोणी ठेवणार नाही. ती यंदापासून ठेवा.