रांगेतली झोप

करळ फाट्याच्या आसपास ट्रेलरची रांग लागली की चालकाची झोप दहा-दहा फुटांनी तुटते. डोळा लागतो न लागतो तोच पुढची गाडी सरकते आणि मागून हॉर्न येतो. उठायचं, गिअर टाकायचा, रिकामी झालेली जागा भरायची आणि पुन्हा स्टेअरिंगवर मान टाकायची. गाडीच्या सावलीत स्टोव्ह पेटलेला असेल तर क्लीनर भाताचं पातेलं उचलून गाडीमागे चालतो. क्लीनरच नसेल तर स्टोव्हही पेटत नाही, वडापाववर भागतं. मालकाच्या हिशेबात मात्र हे सगळे तास ‘गाडी उभी होती’ या एका खात्यात जमा. उभ्या गाडीतला माणूस विश्रांती घेत असणार, असं धरूनच चाललेलं असतं.

न्हावा-शेव्याचं बंदर 1989 साली सुरू झालं आणि उरण-पनवेलच्या रस्त्यांवर कंटेनर आले. जहाजाची वेळ ठरलेली, कारखान्यात माल भरायची वेळही ठरलेली. ताणता येते ती फक्त चालकाची जाग.

पुढे पळस्पे ते पोलादपूरदरम्यान कुठेतरी गाडी दुभाजकावर चढते आणि बातमीत ठरलेलं वाक्य येतं : चालकाचा ताबा सुटला. त्याआधी काय काय सुटलं होतं, ते बातमीत मावत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 1997 साली एक तुलना मांडली होती. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे, रक्तात 100 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकेच मंदावतात. आपल्याकडची कायदेशीर मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. दारू पकडायला नाक्यावर यंत्र असतं, झोप पकडायला काही नाही. आणि डुलकी म्हणजे मान कलंडायलाच हवी असंही नाही. डोळे उघडे असतात, मेंदू तीन सेकंद गैरहजर. ताशी 60 किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी 50 मीटर जाते. रात्री दोन ते पहाटे पाच हे शरीराच्या घड्याळातले सर्वांत जड तास. माणगावजवळच्या रेपोलीला 19 जानेवारी 2023 रोजी मोटार आणि ट्रकची भीषण धडक झाली. चूक कोणाची हा प्रश्न वेगळा. वेळ मात्र पहाटेचीच होती.

झोपेइतकंच शरीरही बोलतं. ‘आमचा ड्रायव्हर कुठेही, कसाही झोपतो’ हे कौतुकाने सांगितलं जातं. जाड मान, दणदणीत घोरणं आणि दिवसा येणारी पेंग एकत्र दिसली, तर रात्री श्वास वारंवार अडकत असल्याची शंका घ्यायला हवी. अशा माणसाला आठ तास अंथरूण मिळालं तरी झोप पुरत नाही. साखरेचं दुखणं आणखी फसवं. गोळी घेतली, रांग हलली, जेवण राहिलं. मग घाम, थरथर, विचारांचा गोंधळ. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, प्यायलाय. किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात पाणी भरपूर प्यावं हे खरं, पण रांगेत लघवीला जायची सोय नसली की माणूस बाटलीला हात लावत नाही. अमेरिकेत युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे 50 हजार ट्रकचालकांच्या नोंदी तपासल्या. तीन किंवा अधिक आजार एकत्र असलेल्यांना अपघाताचा धोका निरोग्यांच्या दुपटीहून जास्त, चौपटीपर्यंत निघाला. एकेक आजार तपासून ‘ठीक’ म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या हातून नेमकी हीच बेरीज निसटते.

आपल्या परवान्याच्या अर्जात दृष्टीचा प्रश्न आहे : चांगल्या उजेडात 25 मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का? आणि काम काय, तर आषाढाच्या रात्री कर्नाळ्याच्या वळणावर, समोरच्या दिव्यांच्या झोतात, पुसट पांढरी रेघ शोधणं.

नियमच नव्हते असं नाही. दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तास ही मर्यादा 1961च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानेच घातली. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांतीही त्यातच होती. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्यांसाठी होता, आणि आपल्याकडे एकदोन गाड्यांचे मालक काही कमी नाहीत. शिवाय फेऱ्यांवर पैसे मिळत असतील तर तास मोजून कोणाचं पोट भरतं? 2025 पासून नव्या मोठ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगलंच. जुन्या गाड्या त्यांच्या आयुष्यभर तापतच राहतील.

मला जास्त खटकतं ते क्लीनरचं गायब होणं. एक पगार वाचला. रात्री दोनला गेटमधून सुटलेला ट्रेलर पेणच्या पुढे जातो तेव्हा ‘उस्ताद, चहा घेऊ या’ म्हणायला शेजारच्या सीटवर कोणी नसतं. तिथे पाण्याचा कॅन आणि माल पोचवायच्या पावत्या असतात.