सुबाभूळ : चारा किती, विष किती?

ओळख : शेंगवर्गीय झाड, मूळ मेक्सिकोचे. बाभळीसारखे काटे नाहीत. उरुळी कांचनच्या ‘बाएफ’ संस्थेने १९७० च्या दशकात चाऱ्यासाठी प्रसार केला. बुऱ्हाणपूर-खानदेशात बांधावर दिसते.

पोषण : वाळल्या पाल्यात २० ते २५ टक्के प्रथिने, ज्वारीच्या कडब्यात जेमतेम ३ ते ५.

विष : मिमोसीन. कोवळ्या शेंड्यांत व बियांत जास्त, जून पानांत कमी. रवंथ करणाऱ्यांच्या पोटात त्याचे डीएचपी हे संयुग बनते. या डीएचपीने गलगंड होतो. रवंथ न करणाऱ्या घोडा, गाढव, सशाला मिमोसीनचा धोका अधिक : घोड्याची आयाळ, शेपटी झडते.

उतारा : डीएचपी मोडणारा पोटातला जिवाणू, सिनर्जिस्टिस जोन्सी. तो हवाईच्या शेळ्यांमुळे उजेडात आला.

प्रमाण : गाई-म्हशींना एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत, उरलेला कडबा किंवा गवत.