दहा, नऊ, आठ... आणि चंद्रावर राहिलेली बाई

मैत्रिणींनो, कुकरच्या शिट्ट्या तुम्ही कशा मोजता? एक, दोन, तीन, आणि गॅस बंद. लहानपणी लपाछपी खेळतानाही आपण एकापासून सुरुवात करून शंभरापर्यंत जायचो. मग आपली मुलं दिवाळीत गच्चीवर रॉकेटची वात पेटवताना ‘दहा, नऊ, आठ’ असं उलटं का म्हणतात? कोणी शिकवलं त्यांना?

हा प्रश्न मला पडला तो १४ जुलै २०२३ रोजी. चांद्रयान-३ दुपारी दोन पस्तीसला उडणार होतं. मी भिवंडीतल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. त्या दिवशी मुलांना एका वर्गात दाटीवाटीनं बसवून पडद्यावर उड्डाण दाखवलं. वीज जाईल की काय या धास्तीनं आम्हा बायांचा जीव खालीवर होत होता. बाहेर नेहमीसारखी मागांची खटखट. शेवटचे आकडे सुरू झाले आणि साठ-सत्तर पोरं एका सुरात ओरडू लागली. श्रीहरिकोट्याहून आकडे सांगणारा आवाज एका बाईचा होता. त्यांचं नाव वलरमती. इस्रोच्या अनेक उड्डाणांना त्यांचाच आवाज असे. त्याच वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला त्या गेल्या, तेव्हा वर्तमानपत्रात त्यांचं नाव वाचलं. त्याआधी आपल्यापैकी किती जणींना ते ठाऊक होतं, सांगा बरं!

तर मी शोध घेतला, आणि जे सापडलं ते तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

ही उलटी मोजणी कुठल्या प्रयोगशाळेतून नव्हे, सिनेमातून आली! १९२९ सालचा जर्मन सिनेमा, ‘फ्राउ इम मोंड’, म्हणजे ‘चंद्रावरची बाई’. दिग्दर्शक फ्रिट्झ लाँग. सिनेमा मुका, त्यामुळे रॉकेट उडण्याआधी पडद्यावर आकडे उमटतात: सहा, पाच, चार, तीन, दोन, एक, आता! एकापासून पुढं मोजलं तर कुठं थांबायचं ते प्रेक्षकाला कळत नाही. शून्याकडं निघालं की काळजात धडधड सुरू होते. ही युक्ती आपली, असं लाँगसाहेबांनी पुढं सांगितलं.

पण ज्या कादंबरीवरून हा सिनेमा निघाला ती लिहिली होती त्यांच्या पत्नीनं, थेआ फॉन हार्बू यांनी. पटकथाही त्यांचीच. त्याआधीचा १९२७ सालचा ‘मेट्रोपोलिस’ हा गाजलेला सिनेमाही त्यांच्याच लेखणीतून उतरलेला. एकाच घरात राहून, एकाच कामात बुडालेल्या दोघांपैकी कुठली कल्पना कोणाची, हे कोण सांगणार? निदान मला तरी या बाबतीत लगेच विश्वास ठेवणं जड जातं. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी चंद्रावरची एक नाटिका मी तीन रात्री जागून लिहिली. कार्यक्रमपत्रिका छापून आली, तर ‘लेखन’ या शब्दापुढं दुसऱ्याच गृहस्थांचं नाव. विचारलं, तर म्हणाले, “अहो बाई, चुकून राहिलं.” असो.

आता खरी गंमत ऐका. या थेआबाईंचं पुढं कोणाशी लग्न झालं असेल? एका मराठी माणसाशी! ए. जी. तेंडुलकर हे शिकायला म्हणून जर्मनीत गेले होते, पत्रकारही होते, आणि वयानं बाईंपेक्षा बरेच लहान. १९३३ साली लाँगशी घटस्फोट झाल्यावर थेआबाईंनी त्यांच्याशी लग्न केलं, तेही गुपचूप, कारण तिथं हिटलरचं राज्य आलं होतं आणि वंशशुद्धीचं खूळ माजलं होतं. हे मी घरी मोठ्या उत्साहानं सांगितलं, तर आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, “तेंडुलकर म्हणजे सचिनचे कोण?” म्हटलं, धन्य आहे!

महायुद्धाच्या सुमारास तेंडुलकर भारतात परतले, बेळगावहून त्यांनी वृत्तपत्र काढलं. थेआबाई मागं राहिल्या. पुढं १९४५ साली तेंडुलकरांनी इंदुमती गुणाजी यांच्याशी सेवाग्रामला, गांधीजींच्या आश्रमात लग्न केलं. त्यांच्या कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी २०१३ साली इंग्रजीत या साऱ्याची हकिकत लिहिली आहे. स्वतःच्या आईची आणि वडिलांच्या आधीच्या पत्नीची गोष्ट एकाच पुस्तकात लिहायची, याला केवढं मोठं मन लागत असेल!

थेआबाईंचं सगळंच कौतुक करावं असं मात्र नाही, आणि ते लपवून मी तुम्हाला नुसती गोड गोष्ट सांगणार नाही. त्या नाझी पक्षाच्या सभासद झाल्या, त्या राजवटीत सिनेमे लिहीत राहिल्या. युद्धानंतर काही महिने इंग्रजांच्या छावणीत स्थानबद्ध होत्या. एकीकडे परदेशी नवऱ्याशी लपूनछपून संसार, दुसरीकडे तो संसार गुन्हा ठरवणाऱ्यांच्या पक्षात नाव! हे कोडं मला सुटलेलं नाही.

त्यांच्या सिनेमाचंही तसंच. रॉकेट कसं असावं हे सांगायला हेरमान ओबर्थ हे खरे शास्त्रज्ञ बोलावले होते. त्यामुळे टप्प्याटप्प्यानं गळून पडणारं रॉकेट, वजन नाहीसं झाल्यावर पाय अडकवायला जमिनीवर पट्टे (अगदी एस.टी.त उभ्या प्रवाशांना दांडी असते तसे), हे सगळं माणूस चंद्रावर जाण्याच्या चाळीस वर्षं आधी तिथं दिसतं. ओबर्थच्या हाताखाली उमेदवारी केलेला फॉन ब्राउन पुढं जर्मन लष्करासाठी व्ही-२ अस्त्रं बनवू लागला. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यातलं पहिलं यशस्वीपणे उडालं, तेव्हा त्यावर चंद्रकोरीवर बसलेल्या बाईचं चित्र रंगवलेलं होतं, याच सिनेमाची आठवण म्हणून. ती अस्त्रं १९४४ मध्ये लंडनवर पडली. आणि त्याच फॉन ब्राउननं १९६९ साली अमेरिकेची माणसं चंद्रावर नेणारं रॉकेट बांधलं. उलटी मोजणी दोन्हीकडं तीच.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडं काय? आपल्याकडं ‘मिशन मंगल’ आला, २०१९ साली. त्यातली तारा शिंदे गॅस बंद करून तापल्या तेलात पुऱ्या तळून दाखवते आणि त्यातून मंगळावर जायची युक्ती निघते. आमच्या सासूबाईंना फार आवडलं ते. मला अर्धंच आवडलं. पुरीतून विज्ञान कळतं हे खरंच. पण २०१४ साली मंगळयान पोचलं तेव्हा रेशमी साड्या नेसून, केसांत गजरे माळून एकमेकींना मिठ्या मारणाऱ्या इस्रोतल्या बायकांचं ते छायाचित्र आठवतं ना? त्या तिथं गणित करून पोचल्या होत्या, पुऱ्या तळून नव्हे. आणि पोस्टरवर सगळ्यांत मोठा चेहरा पुन्हा नायकाचाच!

तर तो जुना सिनेमा मी आणि लेकीनं एका रविवारी कंप्युटरवर पाहिला. लांबलचक आहे, मध्ये उठून मी कणीक मळून आले. नायिका फ्रीडे खगोलशास्त्राची विद्यार्थिनी. चंद्रावर सोनं शोधायला निघालेल्या मंडळींबरोबर ती हट्टानं जाते. तिथं गोळी लागून प्राणवायूची टाकी फुटते, आणि परतीच्या वाटेला सगळ्यांना पुरेल इतका प्राणवायू उरत नाही. कोणीतरी एकानं मागं राहायचं. (त्या चंद्रावर श्वास घेता येतो हं, तेवढी चूक माफ करा.) नायक गुपचूप स्वतः मागं राहतो, यान निघून जातं, आणि वळून पाहतो तर फ्रीडे तिथंच उभी! तिचा वाग्दत्त वर यानात आहे, ही इथं. लेक म्हणाली, “आई, एवढं शिकून शेवटी प्रेमासाठीच राहिली?” मी म्हटलं, अगं, १९२९ सालची आहे ती. पण मलाही ते टोचलंच.

दुसऱ्या आठवड्यात सहावीच्या ऑफ तासाला हीच गोष्ट वर्गात सांगितली. मुलांनी नेहमीचे प्रश्न विचारले, रॉकेट केवढं होतं, सोनं मिळालं का. मागच्या बाकावर एक मुलगी बसते. घरी चार माग, वडील रात्रपाळीला, आईबरोबर कांड्या भरून मग शाळेत येते. पुढच्या वर्षी येईल की नाही याची मला धास्ती आहे. एरवी ती तोंड उघडत नाही. त्या दिवशी उभी राहिली.

“बाई, त्या दोघांना न्यायला परत कोणी आलं का?”

सिनेमा तिथंच संपतो, मी सांगितलं. ती जरा वेळ उभीच राहिली, मग म्हणाली, “पण तिला तर चांदण्यांचं सगळं येत होतं ना, बाई? मग तिनं कोणत्या बाजूनं जायचं ते बघून ठेवलं असंल.”

घंटा झाली.