कांद्याच्या चाळीतला सर्व्हर

चाळीत कांदा सडायला लागला की आधी वास येतो, आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. निफाड तालुक्यात माझ्या मामांची चाळ घराच्या मागेच, हाकेच्या अंतरावर आहे. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये भरायचा आणि भाव बघत बघत पावसाळा सरेपर्यंत काढायचा, ही तिथली रीत. हवेशीर चाळीत तापमान २५ ते ३० अंश आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास राहिली तर कांदा चांगला टिकतो. आर्द्रता चढली की सड वाढते, फार उतरली की वजन घटतं. हे मामांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना फक्त आकडा हवा होता.

“फोनवर दिसला पाहिजे. पण नेट गेलं म्हणून आकडाही गेला, असं नको,” ते म्हणाले.

या दुसऱ्या वाक्याने कामाची दिशा ठरली. बाजारात मिळणारी बरीचशी वायफाय उपकरणं मोजलेला आकडा आधी कंपनीच्या दूरच्या सर्व्हरला पाठवतात आणि फोन तो तिथून उचलतो. चाळ आणि ओसरी यांच्यात एक अंगण, पण आकडा मात्र परदेशातून फिरून येणार. गावात पावसाळ्यात नेट जाणं नेहमीचं. घरातला राउटर त्या वेळीही चालू असतो, घरातले फोन त्याला जोडलेले असतात. मग सर्व्हरच चाळीत का नसावा? केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला होता, तोही आधी प्रयोगशाळेच्या अंतर्गत नेटवर्कपुरताच. जगाला ते भांडं १९९३ साली वेबवर दिसलं. जवळच्या माणसांना जवळची गोष्ट दाखवायला इंटरनेट लागत नाही.

सर्व्हर म्हणून निवडला ईएसपी३२ बोर्ड. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१६ पासून बाजारात आहे. दोन कोर, २४० मेगाहर्ट्झपर्यंत वेग, ५२० किलोबाइट रॅम आणि अंगातच वायफाय. बोर्ड काही शे रुपयांत मिळतो. तापमान आणि आर्द्रतेसाठी डीएचटी२२ सेन्सर घेतला. याहून अचूक सेन्सर मिळतात, पण याची माहितीची तार एकच असते आणि ती काही मीटर लांब नेता येते. चाळीत तेच सोयीचं.

सेन्सरवर लगेच विश्वास ठेवू नये. त्याची परीक्षा घ्यायला स्वयंपाकघरातलं मीठ पुरतं. वाटीत मीठ घ्यायचं, ते विरघळणार नाही इतपतच पाण्याने ओलं करायचं, वाटी झाकणाच्या बरणीत ठेवायची आणि वर सेन्सर असा टांगायचा की मिठाला लागणार नाही. तार बाहेर काढून झाकण घट्ट बंद करायचं. अशा ओल्या मिठावरच्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, हा मिठाचा गुणधर्म आहे. रात्रभर बरणी ओट्यावर ठेवली. सकाळी सेन्सर ७८ दाखवत होता, म्हणून कोडमध्ये तीन वजा केले. कोणत्याही महागड्या यंत्राशिवाय आकडा खात्रीचा झाला. सेन्सर नवा असो की जुना, ही परीक्षा मी कधीच टाळत नाही.

आता सर्व्हर म्हणजे इथे नेमकं काय, ते जवळून बघण्यासारखं आहे. तयार लायब्ररी सगळं आपल्यापासून झाकून ठेवते, पण एकदा तरी बोर्ड यूएसबीने लॅपटॉपला जोडून येणारा कच्चा मजकूर छापून बघावा. फोनवर पत्ता टाकला की फोन बोर्डाच्या ८० क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी मागतो आणि साध्या अक्षरांतल्या काही ओळी पाठवतो. पहिल्या ओळीत ‘गेट’ ही आज्ञा, कोणतं पान हवं ते, आणि एचटीटीपीची आवृत्ती. त्याखाली ब्राउझर कोणता, भाषा कोणती असा तपशील. मग एक रिकामी ओळ. ती आली की बोर्डाला कळतं, मागणं संपलं. बोर्डाचं उत्तरही त्याच पद्धतीचं: ‘२०० ओके’, मजकुराचा प्रकार, रिकामी ओळ आणि मग पान. उत्तरातली ती रिकामी ओळ राहिली तर बोर्ड पान पाठवतो, पण फोनवर काही धड दिसत नाही. पान पोचल्यावर फोन न सांगता आणखी एक मागणी करतो, पानाच्या छोट्या चिन्हाची. चिन्ह नसेल तर ‘४०४’ सांगून जोडणी मोकळी करायची.

पान मराठीत केलं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात. ‘तापमान’ या शब्दात मात्रा धरून सहा चिन्हं, म्हणजे अठरा बाइट. पान छोटं असल्यामुळे त्याची अडचण नाही. मात्र मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे हे उत्तरात स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर अक्षरांच्या जागी कचरा दिसू शकतो. पानावर दोन मोठे आकडे ठेवले आणि त्यांच्याखाली एक ओळ: ‘१२ सेकंदांपूर्वी मोजलं’.

या ओळीवर मी सगळ्यात जास्त विचार केला. डीएचटी२२ दोन सेकंदांतून एकदाच नवा आकडा देतो. प्रत्येक मागणीला सेन्सर वाचत बसलं तर घरातल्या तिघांनी एकदम पान उघडल्यावर तो अडखळतो. म्हणून बोर्ड आपल्या वेळेला आकडा मोजून जवळ ठेवतो, आणि कुणी मागितलं की ठेवलेला आकडा देतो. पण मग सेन्सरची तार उंदराने कुरतडली तरी जुना आकडा पानावर तसाच छान दिसत राहील. शिळा आकडा हा आकडा नसण्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर माणूस निर्धास्त झोपतो. म्हणून आकड्याचं वय दाखवायचं, आणि सेन्सर गप्प झाला तर शून्य न दाखवता ‘सेन्सर उत्तर देत नाही’ असं मराठीत लिहायचं. नेट नसताना बोर्डाला घड्याळातली वेळ कळत नाही, पण सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते तो मोजतो. तो मोजणारा आकडा ४९ दिवसांनंतर शून्यावर येतो. वेळेतलं अंतर वजाबाकीनेच काढलं तर त्याने काही बिघडत नाही.

चाळीत बसवताना कोडपेक्षा तारेचे आणि पेटीचे प्रश्न जास्त. लोखंडी पेटी वायफाय अडवते, म्हणून प्लॅस्टिकची घेतली. सेन्सर पेटीतच ठेवला तर तो बोर्डाची ऊब मोजतो, म्हणून तो पेटीपासून लांब, कांद्याच्या थराजवळ टांगला. पत्र्याच्या छपराखाली सिग्नल किती येतो ते बोर्डच डेसिबलमध्ये सांगतो. उणे ६५ च्या आसपास असेल तर निश्चिंत, उणे ८५ च्या खाली गेला तर जोडणी तुटत राहणार. चाळीचा खांब बदलला तरी हा आकडा बदलतो, म्हणून पेटी हातात धरून फिरायचं आणि मगच खिळा ठोकायचा. वायफायवर पाठवताना बोर्ड क्षणभर बरीच वीज ओढतो; कंपनीही किमान ५०० मिलिअँपिअर देणारा पुरवठा वापरायला सांगते. लांब, बारीक यूएसबी तारेत दाब पडतो आणि बोर्ड पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो. कोडवर संशय घेण्याआधी तार जाड आणि आखूड करून बघावी.

राहिली लाइट. लाइट आली की बोर्ड क्षणात जागा होतो, राउटरला मात्र मिनिटभर लागतं. बोर्डाने एकदाच प्रयत्न करून नाद सोडला तर तो सकाळपर्यंत एकटाच बसेल. म्हणून वायफाय मिळेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने प्रयत्न करत राहायचं, एवढा एक भाग कोडमध्ये हवाच. राउटरने दर वेळी वेगळा पत्ता दिला तर मामांच्या फोनवर जपून ठेवलेली खूण निरुपयोगी होते. त्यासाठी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या बोर्डाला १९२.१६८ ने सुरू होणारा एक पत्ता कायमचा राखून ठेवला. बोर्डाला अंकांऐवजी नाव देण्याचीही सोय असते, पण काही जुन्या अँड्रॉइड फोनांना ते नाव सापडत नाही.

मामांनी लगेच विचारलं, इथूनच पंखाही चालू करता येईल का. येतो. पण ती आज्ञा ‘गेट’वर ठेवायची नाही. ब्राउझर पान ताजं करताना तीच मागणी परत पाठवतो आणि पंखा कुणी न सांगता फिरायला लागतो. त्यासाठी ‘पोस्ट’ आज्ञा वापरायची, पासवर्ड ठेवायचा, आणि राउटरमध्ये पोर्ट उघडून हे पान इंटरनेटवर कधीही सोडायचं नाही. साध्या एचटीटीपीत पासवर्ड उघडाच जातो. तूर्त पान फक्त आकडा दाखवतं आणि तेवढंच ठेवावं, असं माझं मत आहे.

तुमच्या चाळीत असं काही बसवणार असाल तर एक लक्षात ठेवा: एका कोपऱ्यातला सेन्सर त्याच कोपऱ्याचं सांगतो. लांब चाळीला दोन टोकांना एकेक आणि मध्ये एक सेन्सर लावा, आणि आठवड्याला कांद्यात हात घालून बघणं चालूच ठेवा.